सबफ्रेम ब्रेस लावायचाय? आधी गाडी कुठे हलते ते शोधा, मग पाना हातात घ्या

ब्रेस म्हणजे गाडीचे दोन भाग एकमेकांना बांधून हलू न देणारा धातूचा बार. पहिला ब्रेस, बॉनेटखाली दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारा स्ट्रट बार, मी लावला तेव्हा सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. आधी विकत घेतला, मग लावला, मग आठवडाभर ज्याला त्याला सांगत फिरलो की गाडी काय भारी वळते आता, आणि महिन्याभराने गाडी खालून बघताना कळलं की डाव्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचा बुश (त्याच्या सांध्यातलं रबर) पार फाटलेला आहे. ज्याला मी "चॅसी वाकते" म्हणत होतो तो सगळा त्या बुशचा प्रताप होता. बुश बदलला, स्ट्रट बार काढून गाडी चालवली, तरी गाडी तेवढीच भारी वळत होती. तेव्हापासून कोणी ब्रेसबद्दल विचारलं की मी आधी त्याच्या बुशची चौकशी करतो, त्याला आवडो न आवडो.

म्हणजे ब्रेस फालतू असतात असं अजिबात नाही हं. योग्य जागी, योग्य पद्धतीने लावलेला ब्रेस खरंच फरक पाडतो. पण योग्य जागा म्हणजे नेमकी कुठली ते न बघता लोक जे चकचकीत दिसेल ते लावतात, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

मुळात हलतं काय

आजच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चॅसी नसतेच, पत्र्याची बॉडी हीच चॅसी. याला मोनोकॉक म्हणतात, १९२२ च्या लान्सिया लॅम्ब्डापासून ही कल्पना रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये आली. अशा बॉडीच्या पोटाला पुढे (आणि बऱ्याच गाड्यांत मागेही) एक जाड पत्र्याची नाहीतर ॲल्युमिनियमची चौकट बोल्टने लावलेली असते, ती सबफ्रेम. लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक, अँटी रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा), कधी इंजिनचा एखादा माउंट हे सगळं तिच्यावर. काही गाड्यांत सबफ्रेम बॉडीला सरळ घट्ट बोल्ट केलेली असते, काहींत मधे रबरी बुश असतात. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते आधी शोधा कारण पुढचा अर्धा लेख त्यावर अवलंबून आहे.

काड्यापेटीच्या आतली पेटी काढा आणि नुसतं बाहेरचं कव्हर दोन बोटांत दाबा. कोपरे लगेच तिरके होतात, चौकोनाचा पतंग होतो. आता त्याच चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक काडी चिकटवली तर कव्हर हलत नाही. ब्रेसचं सगळं शास्त्र एवढंच आहे. चौकोन तिरका होतो, त्रिकोण होत नाही. आणि बुटाचा खोका झाकणासकट पिळून बघा, मग झाकण काढून पिळा, म्हणजे छत उघडणाऱ्या गाड्यांना एवढे ब्रेस का लागतात ते कळेल. माझदा एमएक्स-५ घ्या, १९८९ ला आली आणि १९९४ च्या मॉडेलला १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कंपनीनेच ज्यादा ब्रेस टाकून दिले. बीएमडब्ल्यू ई३६ एम३ वाले तर त्याच गाडीच्या छत उघडणाऱ्या मॉडेलचा पोटाखालचा एक्स ब्रेस आणून लावतात, कारण तो कंपनीनेच बनवलेला आणि बसवायच्या जागाही कंपनीच्याच.

आता एक कडू गोष्ट. बॉडी पिळायला किती जोर लागतो हे न्यूटन मीटर प्रति अंश मध्ये मोजतात, आणि आजच्या बऱ्याच गाड्यांचा आकडा २०,००० च्या पुढे असतो, काहींचा ४०,००० च्या आसपास. त्यामानाने साध्या रस्त्यावरच्या गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंग आणि अँटी रोल बार मिळून, हजार-दीड हजाराच्या घरात. एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगांमध्ये जी मऊ असते तीच जास्त हलते. म्हणजे नव्या गाडीत कंपनीच्या मऊ स्प्रिंगांवर पूर्ण बॉडी आणखी १० टक्के ताठ केली तर ड्रायव्हरला त्यातलं जवळपास काहीच कळत नाही. मग लोकांना फरक जाणवतो तो कुठून? तो बहुतेक वेळा पूर्ण बॉडीचा नसतो, जिथे लोअर आर्म बसतो त्या जागेचा असतो. ती जागा एक मिलीमीटर जरी सरकली तरी चाकाचा टो (चाक किती आत-बाहेर वळलेलं आहे तो कोन) बदलतो, आणि टो बदलला की स्टिअरिंगला लगेच कळतं. जुनी गाडी, छत नसलेली गाडी, मोठी हॅचबॅक, किंवा कडक स्प्रिंग आणि चिकट टायर लावलेली ट्रॅकची गाडी, इथे मात्र पूर्ण बॉडीचा हिशोबही लागू होतो.

वरचा बार की खालचा

सगळ्यांना आधी बॉनेटखालचा स्ट्रट बार हवा असतो कारण बॉनेट उघडलं की तो दिसतो. पण मॅकफर्सन स्ट्रटवाल्या गाडीचा (स्प्रिंग आणि शॉक ॲबसॉर्बर एकाच उभ्या दांड्यात, खाली एकच आर्म) साधा हिशोब करून बघा. टायर जमिनीवर आडवं ढकलतो, लोअर बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाला जोडणारा सांधा) जमिनीपासून समजा २०० मिलीमीटर वर आहे आणि स्ट्रटचं वरचं टोक ८०० वर. तरफेचा नियम लावला (उभ्या वजनाचा भाग सोडून देऊ) तर वरच्या टोकावर टायरच्या आडव्या बलाचा एक तृतीयांश येतो आणि खालच्या आर्मवर एक पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे खाली वरच्या चौपट. जोराच्या वळणात पुढच्या बाहेरच्या चाकावर पाचेक हजार न्यूटन आडवं बल सहज येतं, म्हणजे जवळपास ५०० किलोचं ओझं, त्यावरून अंदाज घ्या की लोअर आर्मच्या बोल्टांचं काय होत असेल.

म्हणून माझं मत, पैसे एकाच ब्रेससाठी असतील तर खालचा बघा. खास करून सबफ्रेम यू आकाराची असेल, मागची बाजू उघडी, आणि लोअर आर्मचे मागचे बुश त्या यूच्या दोन मोकळ्या टोकांवर असतील तर ती दोन टोकं एकमेकांना बांधणारा ब्रेस म्हणजे कमीत कमी लोखंडात जास्तीत जास्त फायदा. सबफ्रेम आधीच पूर्ण बंद चौकट असेल तर तिथे आणखी एक पट्टी लावून वजन वाढेल, बाकी काही नाही. डबल विशबोनवाल्या गाडीत (वर एक आणि खाली एक असे दोन आर्म) तर वरच्या स्ट्रट बारचं काम आणखी कमी, कारण तिथे टॉवरवर (सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बसतं तो बॉडीचा भाग) मुख्यतः स्प्रिंगचं उभं वजन येतं.

सबफ्रेम आणि बॉडीच्या मधे रबरी बुश असतील तर सावध. ब्रेसचं एक टोक सबफ्रेमला आणि दुसरं बॉडीला लावलंत की त्या रबराला तुम्ही बाजूला सारलंत, इंजिनची आणि रस्त्याची सगळी थरथर सरळ सीटखाली येणार. अशा गाडीत दोन्ही टोकं सबफ्रेमवरच, किंवा दोन्ही बॉडीवरच असलेला ब्रेस घ्या. सरळ बोल्ट केलेल्या सबफ्रेममध्ये आणखी एक प्रकार आहे, कॉलर. बोल्ट १२ मिलीमीटरचा आणि भोक त्याहून मोठं असतं, फॅक्टरीत जोडणी सोपी व्हावी म्हणून, त्या फटीत बसणारं मऊ ॲल्युमिनियमचं रिंग टाकून सबफ्रेम मध्यावर आणून पक्की करायची. स्पून या जपानी कंपनीचे रिजिड कॉलर म्हणून जे प्रसिद्ध आहेत ते हेच. आणि यामाहा जो परफॉर्मन्स डँपर बनवते तो वेगळाच प्राणी आहे, तो बॉडी ताठ करत नाही तर तिची थरथर तेलाने जिरवतो, त्याला ब्रेसच्या तागडीत तोलू नका.

विकत घेताना बारकडे नीट बघा

इथे जरा जास्त वेळ घालवतो कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

२५ मिलीमीटर व्यासाचा, २ मिलीमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा सरळ स्टीलचा पाइप घ्या. दोन्ही टोकांना ५००० न्यूटनने दाबला तर तो आखडतो फक्त ०.१७ मिलीमीटर. भन्नाट ताठ. आता तोच पाइप इंजिनला किंवा सायलेन्सरला वाट द्यायला ५० मिलीमीटर बाहेर वळवा, म्हणजे टोकांची रेषा एकीकडे आणि पाइप जवळपास पूर्ण लांबीभर ५० मिलीमीटर बाजूला. तेवढ्याच जोरात आता टोकं साडेसहा मिलीमीटरच्या वर जवळ येतात! जवळपास ३८ पट मऊ. आणि त्यात पाइपवर येणारा ताण साध्या स्टीलला कायमचा वाकवेल इतका. बाक फक्त मधल्या भागात असेल तर नुकसान कमी, पण तरी दहा-बारा पट मऊ धरून चाला. त्यामुळे दिमाखदार कमान असलेला बार बघितला की मला हसू येतं, तो बार नाही ती स्प्रिंग आहे. वळवणं भागच असेल तर पाइप जाड व्यासाचा हवा, कारण वाकण्याला विरोध व्यासाबरोबर फार झपाट्याने वाढतो, भिंतीची जाडी तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला तर साधारण आठपट.

ॲल्युमिनियम की स्टील? ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या एक तृतीयांश आणि वजनही साधारण एक तृतीयांश. त्याच मापाचा ॲल्युमिनियम बार म्हणजे तिसऱ्या हिश्श्याचा ताठपणा, सरळ गणित आहे. ॲल्युमिनियमचा जाडजूड बार असेल तर चालेल. पोटाखाली, जिथे जागा कमी आणि दगड जास्त, तिथे मी स्टीलच घेतो.

मग टोकं बघा. बारच्या टोकाला जी प्लेट आहे ती बोल्टच्या भोकापासून बारपर्यंत लांबच लांब नुसती सपाट पट्टी असेल तर तीच वाकणार, बार कितीही जाड असो. दोन-तीन बिजागऱ्यांसारखे जोड असलेले बारही नको, प्रत्येक जोडात थोडी थोडी ढिलाई मिळून सगळा फायदा खाऊन टाकते. एका तुकड्यात वेल्ड केलेला, सरळ, छोट्या टोकाचा, कंपनीच्याच बोल्टांच्या जागी बसणारा बार, मग तो रंगाला भिकार का असेना.

पाना उचलायच्या आधी गाडी तपासा

टायरची हवा, टायरचं वय, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, स्ट्रटचा वरचा माउंट, अँटी रोल बारच्या लिंक, इंजिन माउंट. यातलं एक जरी गेलेलं असेल तर ब्रेस घेऊ नका, ते बदला. आर्मचा बुश बघायला मोठी टॉमी हलकेच मधे घालून दाबा, रबर भेगाळलेलं असेल किंवा आतली नळी रबरापासून सुटलेली असेल तर लगेच दिसतं. गंज बघा, आणि सबफ्रेम जिथे बॉडीला बसते तिथला पत्रा टॉर्च लावून बघा. १९९८ ते २००६ मधली बीएमडब्ल्यू ई४६ याच गोष्टीसाठी बदनाम आहे, मागची सबफ्रेम जिथे बसते तिथे फ्लोरचा पत्राच चिरतो, आणि तिथे उपाय ब्रेस नसतो तर चिरा वेल्ड करून वरून रीइन्फोर्समेंट प्लेट मारणं हा असतो. चिरलेल्या पत्र्यावर ब्रेस कसला तर चीर फक्त दुसऱ्या कोपऱ्यात जाते.

मग हलतं कुठे ते बघा. सोपी युक्ती आहे, एक ताठ पट्टी एका टॉवरला बोल्टने घट्ट लावायची, दुसरं टोक मोकळं, समोरच्या टॉवरवर जाडसर कार्ड चिकटवायचं आणि पट्टीच्या मोकळ्या टोकाला पेन्सिल बांधायची अशी की टोक कार्डावर टेकेल. इंजिन बंद, सपाट जागा, आणि जॅक पॉइंटवरून एकच कोपरा चाक सुटेपर्यंत उचला, परत खाली ठेवा. पेन्सिलीने जी रेघ ओढली ती तुमच्या टॉवरची हालचाल. अर्धा मिलीमीटरसुद्धा आली नाही तर स्ट्रट बारचे पैसे वाचले. खाली सबफ्रेमच्या दोन टोकांमधेही हेच करता येतं, फक्त आपण गाडीखाली नसताना. तसंच एक कोपरा उचललेला असताना चारही दारं आणि मागचं दार उघडून बघा, दार घासत असेल किंवा फट एका बाजूला बारीक होत असेल तर बॉडी खरंच पिळते आहे आणि ब्रेसला इथे काम आहे. छत उघडणाऱ्या गाड्यांत हे इतकं स्पष्ट दिसतं की बघून जीव खाली-वर होतो.

रेघांची कार्डं जपून ठेवा, ब्रेस लावल्यावर तीच चाचणी परत करायची आहे.

बोल्टांचा हिशोब

ब्रेसच्या प्लेटची जाडी ४-५ मिलीमीटर असेल तर कंपनीचा बोल्ट तेवढाच आत कमी जाणार. बऱ्याच किटमध्ये लांब बोल्ट देतात, काहींत देत नाहीत आणि लोक तसंच कसून मोकळे होतात. स्टीलच्या नटमध्ये निदान बोल्टच्या व्यासाएवढे आटे बसायला हवेत, एम१२ ला १२ मिलीमीटर. नवीन बोल्ट घेताना डोक्यावरचा ग्रेड बघा, ८.८ च्या जागी ८.८, १०.९ च्या जागी १०.९, खालचा कधीच नाही. आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बघा, एम१२ मध्ये १.२५, १.५ आणि १.७५ तिन्ही मिळतात, चुकीचा पिच दोन आटे सरळ जातो आणि मग वेल्ड नटचे आटे खातो, तो नट बॉडीच्या आत असतो आणि मग तुमचा रविवार गेला. बोल्ट फार लांबही नको, भोक आतून बंद असेल तर तो तळाला टेकतो, टॉर्क रेंच (किती कसलं ते मोजणारा पाना) टक करतो, आणि प्लेट मात्र ढिलीच. काही कंपन्यांचे सबफ्रेम बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते टॉर्क अधिक अंश अशा पद्धतीने कसतात, असे बोल्ट एकदा काढले की नवीनच.

आणखी एक जे फार थोडे लोक करतात. जोड टिकतो तो बोल्टच्या दांड्यावर नाही, प्लेट आणि पत्रा एकमेकांवर दाबले जाऊन जे घर्षण होतं त्यावर. एम१० चा ८.८ बोल्ट नीट कसला तर साधारण २६,००० न्यूटनने दाबतो आणि त्यातून सरकण्याला विरोध मिळतो चारेक हजार न्यूटनचा. ब्रेसवर जाड पावडर कोटिंग असेल तर ते हळूहळू दबतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. म्हणून बोल्टच्या डोक्याखालचं आणि बॉडीला टेकणाऱ्या बाजूचं जाड कोटिंग खरवडून काढा, पातळ प्रायमर मारा, आणि लावून झाल्यावर बाहेरून गंजरोधक वॅक्स. ॲल्युमिनियम आणि स्टील ओल्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्यामुळे तिथे वॅक्स विसरू नका.

आता लावूया

गाडी सपाट पक्क्या जमिनीवर, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण, आणि जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही. सायलेन्सर थंड होऊ द्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी केबलच्या आसपास हात घालू नका, आणि बॅटरीच्या केसिंगला ब्रेस लावायचा विचारही नको, ते केसिंग बऱ्याच गाड्यांत बॉडीचाच भाग असतं.

सगळे बोल्ट आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइलने भिजवून ठेवा. वायर ब्रशने भोवतालची माती काढा. मग सबफ्रेमच्या कडेने बॉडीवर पेंट मार्करने किंवा टोकदार खिळ्याने रेघ मारून ठेवा, बोल्ट सुटला की सबफ्रेम दोन-तीन मिलीमीटर सरकू शकते आणि मग स्टिअरिंग वाकडं दिसतं, ही रेघ असली तर परत जागेवर आणता येते. फोटो काढून ठेवा, ब्रेक पाइप, पेट्रोलची लाइन, हीट शील्ड कुठून जातं त्याचे.

सबफ्रेमखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक हलकासा टेकवा. आता महत्त्वाचं, एका वेळी एकच बोल्ट काढायचा. सगळे एकदम काढले तर सबफ्रेम, तिच्यावरचं स्टिअरिंग रॅक, कधी इंजिनचा भारसुद्धा खाली यायला बघतो. एक काढा, ब्रेस टेकवा, नवा बोल्ट हाताने चार-पाच आटे फिरवा, मग दुसरा. हाताने फिरत नसेल तर पाना लावू नका, आटे साफ करा किंवा कोन बघा. इम्पॅक्ट गन कपाटात ठेवा.

सगळे बोल्ट हाताने बसले का? ब्रेस जागेवर सहज आला पाहिजे. भोक जुळवायला बार ओढावा लागतोय, पाना अडकवून वाकवावा लागतोय, तर थांबा. तसाच कसलात तर ब्रेस कायम ताणात राहील आणि तुमची बॉडी कायमची किंचित ओढलेली. ब्रेसच्या प्लेटचं भोक दीड-दोन मिलीमीटर मोठं करणं हे जबरदस्तीने बसवण्यापेक्षा कधीही चांगलं, फक्त मग जाड वॉशर टाका.

चाकांवर वजन, मगच शेवटचा टॉर्क

हे मी स्वतः चुकलोय. एकदा लांबी कमी-जास्त करता येणारा ब्रेस दोन खांबांच्या लिफ्टवर लावून घेतला, चाकं लोंबकळत होती, कारागिराने मस्त कसून दिला, वर टर्नबकलही (बारची लांबी बदलायचा फिरता जोड) दोन फेरे जास्त ताणला "टाइट राहील म्हणून". गाडी खाली उतरवली तर बार कायम कुरकुरायला लागला आणि गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे जायला लागली. कारण लिफ्टवर गाडी मधल्या जॅक पॉइंटवर तोललेली असते, पुढचं आणि मागचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं, म्हणजे बॉडी आधीच वाकलेल्या अवस्थेत असते आणि तुम्ही तिला त्याच आकारात बांधून टाकता.

म्हणून बोल्ट वर असताना फक्त बोटाने घट्ट, मग गाडी रॅम्पवर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर चाकांवर उभी करा, एकदा पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा, आणि मग शेवटचा टॉर्क. लांबी बदलता येणारा बार असेल तर दोन्ही टोकं बोल्टमध्ये बोटाने सरकतील अशी लांबी लावा, लॉक नट घट्ट करा, झालं. ताणायचा नाही.

टॉर्क तीन टप्प्यांत, आलटून पालटून, समोरासमोरचे बोल्ट. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच. मॅन्युअल मिळत नसेल तर ढोबळ अंदाज म्हणून, ८.८ ग्रेडला एम८ साधारण २५, एम१० ४५ ते ५० आणि एम१२ ८० ते ८५ न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं तर घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर लावू नका. कसल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर एक रंगाची रेघ, पुढे बोल्ट फिरला का ते एका नजरेत कळतं.

पोकळ पेटीसारख्या भागातून आरपार बोल्ट टाकायचा असेल तर आत नळीचा तुकडा हवा, नाहीतर बोल्ट कसताना पत्रा चेपत जातो आणि तुम्ही कसतच राहता. पातळ पत्र्यात रिव्हेट नट (भोकात चेपून बसवायचा आटेवाला नट) मारून ब्रेस लावायचा सल्ला कोणी दिला तर हो म्हणा आणि निघून या.

कुठे लावायचा नाही

समोरच्या बंपरमागचा भाग अपघातात चेपण्यासाठीच बनवलेला असतो. काही गाड्यांत जोरदार धडकेत सबफ्रेम सुटून इंजिन खाली जावं अशी रचना असते. तिथे जाड लोखंड बांधून तुम्ही तो हिशोब बिघडवता आणि एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरांचाही. म्हणून पुढच्या टोकाला नाही, लोअर आर्मपासून मागे काय ते करा. ब्रेस सगळ्यात खालची वस्तू होणार असेल तर स्पीड ब्रेकरवर तोच आधी आपटणार, दोन प्रवासी बसवून खालचं अंतर मोजा. सायलेन्सरपासून निदान १५-२० मिलीमीटर मोकळं ठेवा, इंजिन रबरावर डोलतं हे विसरू नका. आणि ब्रेस हा जॅक लावायचा पॉइंट नाही, टायरवाल्यालाही सांगून ठेवा, तो हमखास तिथेच जॅक टेकवतो.

वेल्ड करून जोडायचे सबफ्रेम कनेक्टर हा वेगळा विषय आहे पण दोन शब्द. १९७९ ते १९९३ च्या फॉक्स बॉडी मस्टँगमध्ये पुढच्या आणि मागच्या रेल (बॉडीखालचे लांबीच्या दिशेचे बीम) मधे जोडलेल्याच नसतात, त्यामुळे तिथे हे कनेक्टर अक्षरशः पहिली गोष्ट म्हणून लावतात. वेल्डिंगही गाडी चाकांवर उभी असतानाच, बॅटरी सोडून, आतलं कार्पेट आणि वायरिंग बाजूला करून, छोट्या छोट्या टाक्यांनी आलटून पालटून, नाहीतर उष्णतेने पत्रा ओढला जातो. ज्याला पातळ पत्रा वेल्ड करायची सवय आहे त्याच्याकडूनच.

लावून झाल्यावर

व्हील अलाइनमेंट करा. सबफ्रेमचा एकही बोल्ट हलवला असेल तरी करा. १०० किलोमीटरने आणि मग ५०० ने रंगाच्या रेघा बघा, टॉर्क परत तपासा. टकटक आवाज आला तर बहुतेक ब्रेस कुठेतरी टेकतोय, दोन जागी चिकटमाती लावून फेरी मारा, जिथे ठसा उमटेल तो गुन्हेगार. गुणगुण आवाज ठराविक स्पीडला येत असेल तर बार कंप पावतोय, त्याला ताण देऊन काही होत नाही.

फक्त पुढे ताठ केलंत तर गाडी वळणात थोडी जास्त बाहेर जाऊ शकते, फक्त मागे केलंत तर शेपूट हलकी वाटेल. हे कडक स्प्रिंगवाल्या गाडीत जाणवतं, साध्या गाडीत क्वचित. म्हणून एका वेळी एकच ब्रेस, महिनाभर चालवा, मग पुढचा.

आणि पेन्सिलीची चाचणी परत करा, जुनं कार्ड शेजारी ठेवून. त्याहून मजेशीर एक चाचणी आहे, त्यासाठी पाना धरता येणारा एक मित्र हवा. अलाइनमेंट ज्याच्यावर अवलंबून नाही असा ब्रेस असेल तरच, म्हणजे सबफ्रेमच्या मुख्य बोल्टांवर नसलेला. मित्राने तो लावायचा किंवा पूर्ण काढून ठेवायचा, तुम्ही बघायचं नाही, मग नेहमीच्या ओळखीच्या रस्त्यावर नेहमीच्याच स्पीडने जाऊन यायचं आणि सांगायचं की होता की नव्हता. असं निदान चारदा. माझ्या त्या पहिल्या स्ट्रट बारवर मी चारपैकी दोनदा बरोबर आलो. खालच्या मागच्या ब्रेसवर चारपैकी चारदा, आणि तेही पहिल्याच खड्ड्याला.